चौदा डंपर डावखारला

"मॅडम, आमचा येवढा अर्ज बघा," असं वडील म्हणाले तेव्हा अमिषा मान खाली घालून आवक-नोंदवहीत तारीख घालत होती. आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. त्या आवाजात 'मॅडम' हा शब्द बसवायला मात्र वेळ लागला. तिने वर पाहिलं. टेबलापलीकडे काळूराम म्हात्रे उभे होते, लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट घालून, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद धरून. त्यांच्या मागे गुणाजी आणि गावचे आणखी तिघे. पाचही जणांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि ओल्या पावलांचे ठसे दारापासून टेबलापर्यंत फरशीवर उमटले होते. वडील तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या डोक्यामागे भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरकडे बघत होते. तिला एकदम कळलं की हे एसटीत येतानाच ठरलेलं आहे. कोपरखारपासून अलिबागपर्यंतच्या दोन तासांत त्यांनी चौघांना बजावलं असणार, की तिथं ओळख दाखवायची नाही, पोरीला त्रास होईल. तिच्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. 'बाबा, बस ना' हे तीन शब्द तिच्या जिभेवर आले, अगदी दातांपर्यंत आले. काचेच्या केबिनमध्ये निकेत सर फोनवर बोलत होते, बाकावर दोन कंत्राटदार मोबाइल चाळत बसले होते. कुणाचंच इकडे लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "ठेवा."

प्राधान्य पुरवठा कक्ष हे नाव दारावर लागून सहा महिने झाले होते. समुद्रातल्या आपल्याच विहिरींमधला गॅस किनाऱ्यावर आणायचा, त्यासाठी धक्का बांधायचा, धक्क्याला आडोसा म्हणून लाटांत दगडांची भिंत घालायची. देशाची ऊर्जा देशातच निर्माण व्हावी म्हणून चाललेलं काम, तेव्हा त्याला लागणारी प्रत्येक वस्तू जिल्ह्यात आधी त्याला मिळावी असा आदेश निघाला होता. दगड, मुरूम, सिमेंट, लोखंड, क्रेन आणि डंपरसुद्धा. उरेल ते बाकीच्यांना. पावसाळ्यात निम्म्या खाणींत पाणी भरतं, त्यामुळे श्रावणात उरत काहीच नव्हतं. काचेवर 'ऊर्जा – प्राधान्य' असा हिरवा कागद चिकटवलेले डंपर तेवढे रस्त्यावर दिसत, आणि तो हिरवा कागद अमिषाच्या टेबलावरून जाई. सहा महिने ती लोकांना नाही म्हणत होती. शाळेच्या भिंतीला नाही, मोरीला नाही, देवळाच्या पायऱ्यांना नाही. नाही म्हणण्याचा तिचा हात बसला होता. आवाज जरासुद्धा न चढवता, कागद उलटा करून, बोट एका ओळीवर ठेवून ती सांगायची, आणि समोरच्या माणसाचा चेहरा विझायचा. त्या विझण्याची तिला सुरुवातीला भीती वाटायची. मग सवय झाली. मग, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं, ते विझणं बघायला ती थोडी थांबू लागली.

तिने अर्ज वाचला. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं होतं. नारळी पौर्णिमेच्या उधाणात कोपरखारच्या बांधाला खांड पडली होती, चौदा फुटांचं भगदाड. त्यातून खाडीचं खारं पाणी रोज दोनदा शेतात येत होतं. अजून ते काठावरच्या आठ-दहा खाचरांपुरतंच होतं. बारा डंपर मोठा दगड मिळाला तर खांड बुजेल.

"कधीपर्यंत पाहिजे?" तिने विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

"भांगाची भरती हाय तवर," वडील कॅलेंडरला म्हणाले. "आता भरती कमी चढतेय. अष्टमीच्या फुडं पानी परत वाढंल. अमावस्येच्या आत दगूड पडला न्हाय तं मग काय उरनार न्हाय, मॅडम."

"चिखल आमी घालतो," गुणाजी मध्येच बोलला. "घरटी एक मानूस हाय. पन नुसता चिखल टिकत न्हाय ना. खाली दगूड पायजे."

अमिषाने आदेशाची प्रत काढली. ती पाठ होती, तरी काढली. पान उलटलं, बोट ठेवलं. "बंधाऱ्याची दुरुस्ती या यादीत येत नाही, काका," ती म्हणाली. तिथे येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती काकाच म्हणायची. शब्द सरळ वडिलांच्या तोंडावर गेला. त्यांनी मान हलवली, काका म्हटलेलं बरोबरच आहे अशी. त्यांचं हे मान हलवणं तिला सहन झालं नाही. त्यांनी चिडायला हवं होतं, निदान एकदा तिच्याकडे बघायला हवं होतं. तिचं बोट चौथ्या कलमावर होतं. पान आणखी एकदा उलटलं असतं तर सातवं कलम आलं असतं. मनुष्यवस्ती, पिण्याचं पाणी किंवा उभं पीक यांना तातडीचा धोका असल्यास कक्षाच्या शिफारशीने दर अर्जामागे पंधरा डंपरपर्यंत साहित्य वळवता येईल, सोबत तलाठ्याचा पंचनामा आणि ठरावाची प्रत जोडावी. पान उलटण्याइतकंच काम होतं. कागदाखाली तिचं बोट गेलंही होतं. 'बाय, कायतरी कर,' एवढं ते म्हणाले असते तर तिने उलटलं असतं, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते म्हणाले, "बरा. मंग निंगतो आमी, मॅडम."

बाहेर चपला घालताना गुणाजीचा आवाज आला, "पोरगी बापाशी येक शबूद बोलली न्हाय रं." आणि वडिलांचा, "हाफिसात कसा बोलनार? खुर्चीवर हाय ती." तिने अर्जावर 'नियमात बसत नाही' असं लिहिलं, सही केली, फाइल बंद केली. शिपायाने फरशी पुसून घेतली. डब्यात वांग्याची भाजी होती, ती तिने सगळी खाल्ली.

त्या संध्याकाळी चेंढऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत ती खिडकीशी बसली आणि तिच्या पिंडऱ्यांना गार वाटायला लागलं. पाय कोरडे होते. ते गारवणं जुनं होतं, सतरा वर्षांपूर्वीचं. तेव्हाही खांड पडली होती. ती नववीत होती. गावाचा नियम असा की घरटी एक माणूस बांधावर. वडील त्या वर्षी पाय मोडून घरात, आई धाकट्या मावशीच्या बाळंतपणाला. राहिले दोघं, ती आणि दिपेश. दिपेश अकरावीत, अंगापिंडाने तिच्या दीडपट. आणि त्याच दिवशी पेणला तालुक्याचे कबड्डीचे सामने होते. शाळेच्या संघात चढाई करणारी ती एकटीच होती. बाकीच्या नुसत्या पकडी करायच्या. निळा टी-शर्ट मिळाला होता, पाठीवर सात आकडा. सकाळी सहा वाजता गुरुजींची जीप देवळाशी येऊन भोंगा वाजवत उभी राहिली, आणि ती तेव्हा कंबरभर चिखलात, ओळीत, पाटीमागून पाटी पुढे सरकवत होती. भोंगा बांधापर्यंत ऐकू येत होता. चार वेळा वाजला. मग जीप गेल्याचा आवाज. चिखल मांड्यांच्या आत शिरत होता आणि वर दिपेश घरी झोपलेला होता, कारण त्याचा क्लास होता, कारण तो मुलगा होता, कारण बापाने पडल्या पडल्या बोट तिच्याकडे केलं होतं. ते बोट तिला स्वच्छ दिसायचं. नखात हळद अडकलेलं बोट. तिचा संघ पहिल्याच फेरीत हरला. नंतर ती शिकली, परीक्षा दिल्या, नोकरी लागली. कबड्डीमुळे काही अडलं नाही. पण बापाशी बोलताना, पैसे पाठवताना, औषधं नेऊन देताना ते बोट मध्ये असायचं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलली असती तर ते लहान झालं असतं.

आज तिने कागदावर ठेवलेलं बोट आणि ते बोट यांचा काही संबंध नाही, असं तिने ठरवलं. नियम नियम होता. तिच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या विनेशने मामाच्या गावाला चार डंपर सोडले होते आणि आता तो महाडला धूळ खात पडला होता. आपल्या माणसांना देणारी बाई म्हणून नाव झालं की संपलं. हे सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते इतकं उपयोगाचं होतं, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली, याचं तिला सकाळी थोडं आश्चर्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी डावखारचा सरपंच आला. डावखार म्हणजे कोपरखारला लागून, मध्ये फक्त एक उघाडी, शेतातलं पाणी खाडीत सोडायची झडप. त्याच उधाणात त्यांच्याही बांधाला खांड पडली होती, नऊ फुटांची पण जास्त खोल. सरपंच तरुण होता, खुर्ची ओढून बसला, घाम पुसत म्हणाला, "मॅडम, काय तरी मार्ग असेल ना? तुम्हीच सांगा. आपल्याला कायद्यातलं काही कळत नाही." त्याने तिच्या डोळ्यांत बघून विचारलं. अमिषाने पान उलटलं. सातवं कलम दाखवलं. पंचनाम्याचा नमुना काढून दिला, ठरावात कोणते शब्द हवेत ते पेन्सिलीने लिहून दिलं. दुपारी तीनला तो कागद घेऊन परत आला, साडेतीनला तिने शिफारस लिहिली, निकेत सरांनी वाचून सही केली. "चांगलं केलंत," सर म्हणाले. "मी म्हणतच होतो, असे अर्ज कसे येत नाहीत? उभी शेतं आहेत सगळी. खारेपाटातून आणखी आले तर लगेच आणा माझ्याकडे. अजून साठेक डंपरपर्यंत आपल्याला सोडता येतील."

"हो सर," ती म्हणाली.

"दुसरा कुणाचा आलाय?"

कपाटात, तिच्या पाठीमागे, तीन फुटांवर फाइल होती. आणि तिला आतून एक विचित्र मोकळं, हलकं वाटत होतं, जत्रेतल्या पाळण्यात सर्वांत वर पोचल्यावर पोटात वाटतं तसं. "नाही सर," ती म्हणाली. "अजून नाही."

चौदा डंपर मंजूर झाले. डावखारला जायचा रस्ता कोपरखारमधून जातो.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. भांगाचे तीन दिवस शिल्लक होते. अजून सगळं होण्यासारखं होतं. सकाळी नऊला कागद आला असता तर दुपारी दगड पडला असता. फोन आईने उचलला. तिच्या मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. "जेवलीस?" आईने विचारलं. "हो," ती म्हणाली. "काय केलावतास?" "खिचडी." आई म्हणाली की शेजारच्या आरोहीला मुलगा झाला, की या वर्षी जवळा महाग आहे, की दिपेशचा फोन नाही. बांधाबद्दल एक शब्द बोलली नाही. अमिषा वाट बघत होती. तिला ऐकायचं होतं की वडील शेजारी बसलेत, ते खूण करतायत, 'विचार तिला.' "बाबा काय करतोय?" शेवटी तिनेच विचारलं. "बांदावर गेलाय. दोन दिस तिथंच हाय. गोनी भरून लावतात." मग आई थांबली. तिच्या थांबण्यात सगळं होतं. अमिषाला ते कळलं. तिला हेही कळलं की आई विचारणार नाही, कारण बापाने बजावलंय. "बरं, ठेवते," ती म्हणाली. फोन बाजूला ठेवून तिने तांदूळ निवडायला घेतले. नंतर तिने त्या तीन दिवसांचा मनाशी कितीदा तरी शोध घेतला. तिथे कुठे राग सापडेल, दुःख सापडेल म्हणून हात घातला की हाताला लागायचं ते एवढंच: वाट बघणं. मागू दे. एकदा मुलीकडे मागू दे. मॅडमकडे नाही.

त्यांनी मागितलं नाही. पिठोरी अमावस्येला दुपारी पाऊणला भरती लागली, वरून पाऊस, समोरून वारा. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेलं चित्रण कार्यालयापर्यंत फिरत फिरत आलं. शिपायानेच दाखवलं. गोण्या आधी नुसत्या हलल्या, झोपलेलं माणूस कुशीवर वळतं तशा. मग मधली ओळ बसली आणि चौदा फुटांची खांड बघता बघता ऐंशी-नव्वद फुटांची झाली. पाण्याला घाई नव्हती. हिरव्या भातातून ते पसरत गेलं, तपकिरी, सपाट, पार मरीआईच्या देवळापर्यंत. चित्रणात माणसं ओरडत होती पण वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते. एक पांढरा शर्ट बांधावर मागे मागे सरकताना दिसला. तो वडिलांचा नसेलही. "तीन वर्षं आता गवतसुद्धा येत नाही त्याच्यात," शिपाई म्हणाला. "तुमचं गाव तिकडंच ना, मॅडम?" ती म्हणाली, "तिकडंच." आणि डावखारच्या बाजूला, उघाडीच्या पलीकडे, कॅमेरा क्षणभर वळला तेव्हा नवीन काळ्या दगडांचा बांध आणि त्यामागे जसंच्या तसं भात दिसलं.

गणपतीच्या आधीच्या रविवारी ती गावी गेली. एसटीतून उतरून घराकडे चालताना उजवीकडे शेतं होती. भात अजून उभं होतं, पण पिवळंही नव्हतं, करडं होतं, आणि पाणी ओसरलेल्या जागी मिठाची पातळ साय चकाकत होती. वास ओळखीचा होता, मिठागराचा. रस्त्यावर भेटलेल्या बायका तिच्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलल्या. एकीने तिच्या हातातली पिशवी घेतली. तिला वाटलं होतं, तोंडं फिरवतील. त्याची तयारी तिने केली होती, उत्तरं जुळवली होती. मऊपणाला उत्तर नव्हतं.

आई मागच्या दारी बोंबील साफ करत बसली होती. वडील पलीकडे ओट्यावर, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. गोण्या ओढताना सुंभाने कापलं होतं. तिने हाताची चौकशी केली. त्यांनी "काय न्हाय" म्हटलं. मग सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिच्या तोंडून आपोआप बाहेर आली, बचावासारखी, तिची वेळ नसताना. "तेव्हाही खांड पडली होती," ती म्हणाली. "मी नववीत होते. पेणला सामने होते माझे. दिपेशला झोपू दिलंस आणि मला पाठवलंस."

वडील तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

आईने मात्र मान वर न करता, बोंबलाचं डोकं तोडत म्हटलं, "कोनी पाठवला तुला? माज्यासमोरची गोष्ट हाय."

"तू नव्हतीस. तू मावशीकडे होतीस."

"मी आदल्या सांच्याला आलेली. दिपेश निंगालेला, सदरा घालून. तू आडवी झालीस दारात. बोललीस, याला चिखलात उबा रवता येत न्हाय, याच्यापायी पाट्यांची ओल तुटंल, मी जाते. बापूस नको नको बोलत व्हता. बोटानं पेनचा रस्ता दाखवत व्हता तुला, का जा, तुजे खेल हायेत. तू रडून गेलीस." आईने पुढचा बोंबील घेतला. "पयल्यापासून हट्टी."

"नाही," अमिषा म्हणाली. पण दारात आडवं झाल्याचा उंबरठा पाठीला टोचला. तो आत्ता आईने सांगितला म्हणून टोचला, की तिथेच होता, ते तिला सांगता येईना. निळा टी-शर्ट स्वतःच घडी करून ट्रंकेत ठेवणारे हात दिसले. ते तिचेच होते. की तेही आत्ताच बनले? सतरा वर्षं तिने एक बोट सांभाळलं होतं, आणि ते बोट आता कुठेही वळत होतं, दिपेशकडे, पेणकडे, तिच्याकडे. ते खोटं असेल तर मग ते तीन दिवस कशासाठी होते? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते खरं असतं तरी हे तीन दिवस त्याच्यात मावत नव्हते. पाळण्यात वर गेल्यावर पोटात वाटलेलं ते मोकळं हलकेपण कुठल्याच बापाने दिलेलं नव्हतं.

आई बोंबील धुवायला विहिरीकडे गेली. वडील उठले, तिच्याजवळ येऊन बसले. हाताचं फडकं सारखं करत हळू आवाजात म्हणाले, "डावखारच्या सरपंचाला इचारला मी. त्यो बोलला, हाफिसातल्या बाईंनीच कलम दावला. ठराव सुदा पेन्सिलीन लिवून दिला. आमी आलेलो तवा तुला म्हाईत व्हता ते कलम?"

तिला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणण्याचा हात बसलेला होता. ती म्हणाली, "हो."

तिला वाटलं, आता हात उठेल. तिने चेहरा स्थिर धरला, थोडा पुढेही केला. ते काही वेळ मिठाने पांढऱ्या पडलेल्या परसाकडे बघत राहिले, भाजीच्या वाफ्यातही पाणी आलं होतं. मग त्यांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता, कोडं सुटल्यावरचं एक थकलेलं समाधान होतं. "मना वाटलावता, तुला काम येत न्हाय," ते म्हणाले. "त्याचीच काळजी व्हती."

एवढं बोलून ते पुढच्या पडवीत गेले. तिथे माणसं जमली होती. पंचनाम्याला कोणी येणार म्हणून गाव बसलं होतं. तीही मागोमाग गेली, आत राहणं शक्य नव्हतं म्हणून. गुणाजीने तिला बघून सरकून जागा दिली. म्हणाला, "बाय, तू हायस म्हनून इचारतो. फुडच्या वक्ताला कोनाला भेटायचा? कसला कागद लावायचा? डावखारला मिलतो न् आपल्याला न्हाय, ह्याच्यात काय हाय?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने तोंड उघडलं. उत्तर चार वाक्यांचं होतं, ती ते झोपेत सांगू शकली असती.

"तिला काय इचारता," वडील म्हणाले. ते चौकटीला टेकून उभे होते आणि त्यांचा आवाज साधा, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "तिचा तिथं काय चालत न्हाय. डावखारचा सरपंच वट असलेला मानूस. आपली पोर बारीक नोकरीवर. तिनं लय खटपट केली, सायबाच्या पाया पडली, तं सायबान तिलाच झापला. मना फोनवर रडून सांगत व्हती."

पडवीत चुकचुकण्याचा आवाज झाला. एका म्हातारीने हात लांब करून अमिषाच्या केसांवरून फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "बिचारी," ती म्हणाली. "आपल्यापायी बोलनी खाल्ली पोरीन."

अमिषाने वडिलांकडे पाहिलं. पहिल्यांदाच ते सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते. त्यांत विनवणी नव्हती आणि माफीही नव्हती. ते वाट बघत होते. त्यांना तिचं आता पक्कं कळलं होतं, आणि तरी ते उभे राहून वाट बघत होते, ती काय म्हणते त्याची. पागोळ्यांचं पाणी हौदात पडत होतं.

"हो," ती म्हणाली. "खूप केलं मी. साहेब ऐकेनातच."

वडिलांनी नजर काढून घेतली. ते आत वळले आणि आईला सांगितलं, "पोरीला शेवटची एसटी हाय पाचची. बोंबील बांधून दे तिला, रवाया सांगू नको."

आणि अमिषा गाववाल्यांच्या मध्ये बसून राहिली. त्यांच्यातल्या कुणीतरी पुढे केलेल्या कपातला चहा ती, सगळे मायेने बघत असताना, थोडा थोडा करत पूर्ण प्यायली.